लाल टाचणीची चिठ्ठी उघडू नये

सोमवार, सकाळचे सव्वाअकरा. शाळेचा पहिला मजला, वाचनालय. मधली सुट्टी नुकतीच संपली होती आणि खोलीत एकही विद्यार्थी नव्हता. ग्रंथपाल बाई नवीन पुस्तकं निवडायला बाहेर गेल्या होत्या. तीन मोठी माणसं आत आली, खिडकीशेजारच्या भिंतीसमोर उभी राहिली आणि तिथल्या नोटीस बोर्डावरच्या सगळ्या चिठ्ठ्या त्यांनी उपटून घेतल्या.

तो नोटीस बोर्ड म्हणजे मी. आजवर ज्याला जे वाटलं ते त्यानं माझ्यावर लावलं आणि मी गप्प राहिलो. आज मी बोलतोय, आणि पूर्ण बोलल्याशिवाय थांबणार नाही.

आधी माझी ओळख. सागवानी चौकट, आत मऊ पुठ्ठा, त्यावर ताणून बसवलेलं हिरवं कापड. मला बनवणारा सुतार तोंडात खिळे धरून गाणं गुणगुणायचा, त्यामुळे शब्द कधीच कळले नाहीत, चाल मात्र अजून आठवते. त्यानं मला सरकत्या काचेची दोन दारं बसवली आणि वर एक छोटं कुलूप लावलं. निघताना माझ्या चौकटीवर थाप मारून म्हणाला, "जा बाबा, शाळेत जा. माझं राहिलंच जायचं."

शाळेत मला कार्यालयाबाहेर टांगलं. तिथे माझी उमेदीची वर्षं गेली, आणि खरं सांगतो, फुकट गेली. कुलपाची किल्ली कार्यालयात, सूचना काचेआड, आणि वाचणारं कुणी नाही. 'सर्व संबंधितांना कळविण्यात येते की' या शब्दांनी सुरू होणारा कागद आजवर एकाही संबंधितानं शेवटपर्यंत वाचल्याचं मी पाहिलेलं नाही. लोक माझ्यासमोर थांबायचे ते काचेत केस नीट करायला. एक शिक्षक रोज दातांत काही अडकलंय का ते बघायचे. स्पर्धा होऊन गेली, बक्षिसं वाटून झाली, जिंकलेली मुलं शाळा सोडून गेली, तरी त्या स्पर्धेसाठी नावं द्यायची सूचना माझ्या छातीवर पिवळी पडत लटकलेली असायची.

मग एक दिवस जिन्यातून चेंडू आला आणि माझी काच फुटली. लोक हळहळले, माझ्यासाठी नव्हे, काचेसाठी. मला उतरवून अडगळीच्या खोलीत मोडक्या बाकांच्या मागे टाकलं. तिथे मी किती काळ होतो ते मोजलं नाही. अंधारात मोजायला काही नसतंच.

मला बाहेर काढलं ग्रंथपाल बाईंनी. त्या शोधायला आल्या होत्या एक स्टूल. मोबाईलचा उजेड माझ्यावर पडला, त्यांनी कापडावरून हात फिरवला आणि शिपाईकाकांना विचारलं, "ह्याची काच कुठाय?"

"फुटली की कधीच. बसवून घेऊ का बाई?"

"नको, नको! काच नाही हेच बरं. मुलांचा हात पोचेल."

त्या एका वाक्यासाठी मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

वाचनालय तेव्हा ओस पडलं होतं. मुलं यायची, पण पंख्याखाली बसायला. बाईंनी मला खिडकीशेजारी लावलं, खाली टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि टाचण्यांच्या तीन वाट्या ठेवल्या, आणि आलेल्या प्रत्येकाला तोंडी सांगितलं, "पुस्तक वाचलंत की काय वाटलं ते लिहून लावा. नाव घालायचं नाही. आवडलं नाही तरी लिहा, पण का नाही ते लिहा. नुसतं 'बकवास' लिहिलंत तर मी ती चिठ्ठी तुमच्याच पाठीवर लावीन."

टाचण्यांचा नियमही त्यांनी तोंडीच सांगितला. पुस्तक अर्धवट असेल तर पिवळी टाचणी. पूर्ण वाचलं असेल तर हिरवी. आणि चिठ्ठीत शेवट उघड होत असेल तर लाल. ती चिठ्ठी घडी घालून लावायची आणि ज्यानं पुस्तक संपवलंय त्यानंच उघडायची. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. गरजच नव्हती. एकानं दुसऱ्याला सांगितला, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि पाळला सगळ्यांनी. मोठ्यांच्या लेखी सूचना काचेआड वाळून गेल्या, हा तोंडी नियम मात्र एकाही मुलानं मोडलेला मी पाहिला नाही. घडी घातलेल्या चिठ्ठीसमोर हात मागे बांधून उभी राहिलेली, आतल्या आत जळफळणारी, तरीही न उघडणारी मुलं मी बघितली आहेत.

सुरुवातीला आठवड्याला दोनचार चिठ्ठ्या यायच्या. मग 'नववा तास' आली आणि मी झाकून गेलो.

'नववा तास' ही कादंबरी तुमच्या वाचनात नसेल तर थोडक्यात सांगतो. एका हायस्कूलमध्ये रोज आठ तास होतात. शाळा सुटून इमारत रिकामी झाली की नवव्या तासाची घंटा वाजते, पण ती सगळ्यांना ऐकू येत नाही. नायिकेला येते. ती आवाजाच्या मागे जाते, तर वर्ग भरलेला. बाकांवर कधीकाळी हे जग सोडून गेलेली मुलं, आणि फळ्यापाशी एक मास्तर, शिकवता शिकवताच गेलेले, ज्यांचा धडा अजून पुरा झालेला नाही. धडा संपत नाही म्हणून तास संपत नाही, आणि तास संपत नाही म्हणून कुणाला घरी जाता येत नाही. पुढचं मी सांगणार नाही. निदान एवढ्यात तरी नाही.

चिठ्ठ्यांचा पाऊस पडला. 'मेल्यावरही गृहपाठ तपासतात, एवढं वाचूनच मला ताप आला.' 'भुताच्या प्रेमात पडायला अडीचशे पानं लागतात का? आमच्या वर्गात अडीच दिवसांत होतं.' 'मागच्या बाकावरच्या भुताचे संवाद भारी, पण लेखकाला आजकालची मुलं कशी बोलतात ते ठाऊक नाही. "अगं सखे" कोण म्हणतं?' एकानं लिहिलं, 'भीती वाटली नाही, पैसे परत.' त्याखाली दुसऱ्याच्या हस्ताक्षरात, 'फुकटात वाचलंस ना रे?'

आता दोन मुलांबद्दल सांगतो, कारण सगळं प्रकरण त्यांच्याभोवती आहे.

पहिला 'वकील'. वरच्या वर्गातला, किडकिडीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. कुठल्याही वाक्याला "पण समजा" असं म्हणून सुरुवात करायचा, म्हणून हे नाव. दुसरी त्याच्याच इयत्तेची, पण दुसऱ्या तुकडीतली मुलगी. तिला पोरं 'म्यूट' म्हणायची. ती बोलत नसे. बोलता येत नव्हतं असं नाही. घरी बोलायची म्हणे, आणि चांगलं भांडायचीसुद्धा. शाळेच्या फाटकात शिरली की आवाज बाहेर ठेवून यायची. रोज मधल्या सुट्टीत माझ्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात बसून वाचायची.

तिनं पहिली चिठ्ठी लावली तेव्हा आजूबाजूला तीनदा बघितलं. टाचणी इतकी हलक्या हातानं टोचली की मला गुदगुल्या झाल्या. मग चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या सुरू झाल्या. वकिलानं लाल टाचणीखाली लिहिलं की नायिका शेवटी जे करते तो शुद्ध मूर्खपणा आहे, तिनं शिक्षकांना सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी शेजारी घडी घातलेलं उत्तर: 'सांगितलं होतं. तिसऱ्या प्रकरणात. कुणी ऐकलं नाही. प्रकरण परत वाचा.' वकिलानं खरोखर परत वाचलं. मग त्याची चिठ्ठी आली: 'मान्य. पण समजा परत सांगितलं असतं तर?' उत्तर: 'तू सांगून बघ कधी.'

कोण लिहितंय हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मला होतं. ती समोर बसून त्याची चिठ्ठी वाचायची, ओठांच्या कोपऱ्यात हसायची, आणि तो दोन खुर्च्या सोडून डोकं खाजवत उत्तर शोधत असायचा. नोटीस बोर्डाच्या नशिबात असं सुख क्वचितच येतं.

मग तिची ती चिठ्ठी आली. लाल टाचणी, व्यवस्थित घडी. आत होतं: 'मीही गच्चीवर गेले असते. कुणीतरी जायलाच हवं होतं. तास संपतच नाही, हे कसं असतं ते मला माहीत आहे.'

आता सोमवारकडे वळू. आलेली तीन माणसं अशी: शाळेचे पर्यवेक्षक सर, पालक समितीच्या अध्यक्षा, आणि विज्ञानाचे एक तरुण शिक्षक, जे पूर्ण वेळ घड्याळ बघत होते. अध्यक्षाबाईंच्या मुलानं घरी जेवताना 'मेलेल्या मास्तरांची' गोष्ट सांगितली होती. बाईंना घास गेला नाही. शाळेत भुताखेतांची पुस्तकं कोण आणतं, याचा छडा लावायला त्या आल्या होत्या.

पर्यवेक्षक सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि भुवया चढवल्या. "एवढ्या लाल टाचण्या? म्हणजे या तक्रारी. मुलं स्वतःच तक्रारी करतायत, बघा."

"आणि घडी घालून!" अध्यक्षाबाई म्हणाल्या. "म्हणजे दबून लिहितायत. अहो, लपवतायत काहीतरी."

विज्ञानाचे सर पुटपुटले, "एखाद्या मुलाला विचारायचं का आधी?"

"मुलं कसली सांगतायत," पर्यवेक्षक म्हणाले, आणि पहिली हाताला आली ती लाल टाचणी उपटली. ती म्यूटची निघाली.

वाचून तिघांचे चेहरे उतरले. पर्यवेक्षक सरांनी अक्षर लगेच ओळखलं, तिच्या वह्या तेच तपासायचे. मग मात्र त्यांनी पुढची एकही चिठ्ठी वाचली नाही. सगळ्या ओरबाडून लिफाफ्यात कोंबल्या, कपाटातून 'नववा तास'च्या दोन्ही प्रती काढल्या, आणि गेले.

मी एकतर्फी बोलत नाही. एखाद्या मुलीनं असं वाक्य लिहिलेलं दिसलं तर काळजाचा ठोका चुकायलाच हवा. न चुकणारा माणूस मुलांमध्ये नसावा. पण ठोका चुकल्यावर तिला जाऊन विचारायचं की नाही? कादंबरीत त्या गच्चीवर काय आहे हे पुस्तक संपवलेल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. या तिघांना नव्हतं. त्यांनी गच्चीच्या दाराला नवं कुलूप लावलं. तिच्या आईला फोन केला. तिला वाचनालयात यायला बंदी केली. सगळं झालं, तिला कुणी काही विचारलं नाही.

यातलं बरंचसं मला मंगळवारी कळलं, जेव्हा तिची आई तिच्या नावावरची पुस्तकं परत करायला वाचनालयात आली. या बाई मोटार चालवायला शिकवतात. आल्या त्याच तावातावानं.

"बाई, तुमचं वाचनालय चांगलं होतं हो. पोरगी घरी येऊन तासतासभर त्या भुतांबद्दल बोलायची. आता तोंड मिटून बसलीय, घरीसुद्धा."

ग्रंथपाल बाईंनी त्यांना खुर्ची दिली. "मी सोमवारी नव्हते. असते तर एका वाक्यात मिटवलं असतं."

"मी दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसते. माझ्याही पायाखाली ब्रेक असतो. पण मारायच्या आधी मी समोर बघते की नाही? यांनी डोळे मिटून मारला. आणि फाइलचं कळलं का तुम्हाला? तिच्या फाइलमध्ये शेरा टाकलाय. 'अस्थिर वृत्ती. लक्ष ठेवावे.' ती फाइल पुढच्या कॉलेजात जाणार. तिथे माझ्या मुलीला कुणी भेटायच्या आधी हा शेरा भेटणार."

ग्रंथपाल बाई उठल्या, साडीचा पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला मोठ्या बाईंकडे."

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. गुरुवारी दुपारी वाचनालयातच बैठक ठरली. मला भिंतीवरून काढून दोन खुर्च्यांवर टेकवून ठेवलं होतं, पुरावा म्हणून. अंगावर एक चिठ्ठी नाही, नुसती भोकं. समोर टेबलापलीकडे मोठ्या बाई, पर्यवेक्षक सर, अध्यक्षाबाई. अलीकडे ती मुलगी, तिची आई, ग्रंथपाल बाई. प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी मागच्या बाकांवर, त्यांत वकील होताच. आणि व्हरांड्याकडच्या खिडक्यांच्या गजांना बाहेरून इतकी पोरं लटकली होती की उजेड कमी झाला.

पर्यवेक्षक सर उभे राहिले. त्यांनी ती चिठ्ठी मोठ्यानं वाचली. मुलीनं मान खाली घातली. मागच्या बाकांवर वकिलानं एकदम वर पाहिलं. महिनाभर आपण कुणाशी भांडतोय हे त्याला त्या क्षणी कळलं.

"आणि ही एकच नाही," सर म्हणाले. "अशा कितीतरी लाल तक्रारी आहेत. घडी घालून, चोरून लिहिलेल्या. ऐका दुसरी." त्यांनी लिफाफ्यात हात घातला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "'नायिका गच्चीवरची घंटा वाजवते तेव्हा मास्तर पहिल्यांदा खडू खाली ठेवतात आणि सगळ्यांना घरी जायला सांगतात. तिथे मी खूप रडले.'"

आणि मग जो गिल्ला झाला, तसा या शाळेत कुणी ऐकलेला नाही.

"सर! शेवट सांगितलात!"

"माझं एकच प्रकरण राहिलं होतं हो!"

"मी मुद्दाम कुणाशी बोलत नव्हते, आणि सर डायरेक्ट माइकच झाले!"

खिडकीतून एकजण कळवळून ओरडला, "मास्तर सुटतात? अरे यार, मास्तर सुटतात!"

"शांत! शांत बसा!" सरांनी टेबलावर हात आपटला. "हा काय तमाशा आहे?"

वकील उभा राहिला. चष्मा वर सारला. "सर, लाल टाचणी म्हणजे तक्रार नाही. लाल म्हणजे आत शेवट आहे, न वाचलेल्यांनी उघडू नये. घडी लपवायला नसते, दुसऱ्याची मजा जाऊ नये म्हणून असते. पण समजा तुम्ही पुस्तक संपवलं असतं तर तुम्हाला उघडायचा हक्क होता. तुम्ही संपवलंय का?"

"नम्रपणे बोल."

"नम्रपणे विचारतो सर. संपवलंय का?"

सरांनी अध्यक्षाबाईंकडे पाहिलं. अध्यक्षाबाईंनी पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं.

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे गच्चीवर घंटा आहे?" त्यांनी विचारलं, आणि विचारलं ते थेट त्या मुलीला. चार दिवसांत तिला विचारलेला हा पहिला प्रश्न.

तिच्या आईनं तिच्याकडे बघितलं, पण हात धरला नाही, ढोसलंही नाही. मला वाटलं, आता झालं, पुन्हा सगळे वाट बघत बसणार आणि ती आणखी आत जाणार.

"घंटा आहे," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण होता. "जुनी. ती वाजवली की तास संपतो. ती गच्चीवर जाते, वाजवते, आणि खाली येऊन घरी जाते. जेवते. शेवटच्या पानावर ती जेवतेय."

खिडकीतलं कुणीतरी पुटपुटलं, "म्यूट बोलली." दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं.

"आणि तास संपत नाही, हे तुला माहीत आहे, असं तू लिहिलंस," मोठ्या बाई म्हणाल्या. "ते कसं गं?"

तिनं पर्यवेक्षक सरांकडे पाहिलं. "या शाळेत आले त्या वर्षी सरांनी मला धडा मोठ्यानं वाचायला सांगितला. मी अडखळले. सगळे हसले. सर म्हणाले, वाच, आम्ही थांबतो. मला येईना. सर म्हणाले, बसायचं नाही, आम्हाला घाई नाही. घंटा होईपर्यंत मी उभी होते. मग घंटा झाली, सगळे घरी गेले. मी..." ती थांबली. "मी अजून तिथेच उभी आहे, असं वाटतं. रोज."

पर्यवेक्षक सरांचा चेहरा गोंधळला. ते खोटं बोलत नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. "मला आठवत नाही," ते म्हणाले. "खरंच आठवत नाही गं."

"मला आठवतं, सर."

खिडकीतली पोरं गज सोडून खाली उतरली, आपणहून. इतकी वर्षं मी माणसं बघतोय. हसलेल्याला कधीच आठवत नाही आणि उभं राहिलेल्याला कधीच विसरता येत नाही. 'नववा तास'वर मोठ्या माणसांनी केलेली चर्चा मी त्या दिवशी ऐकली आणि पोरांच्या चिठ्ठ्याही वाचल्या आहेत. ते पुस्तक कशाबद्दल आहे हे टेबलाच्या अलीकडच्या बाजूलाच कळलेलं होतं.

मोठ्या बाई उठल्या. "पुस्तकं कपाटात परत जातील. एक प्रत आधी माझ्याकडे द्या. चिठ्ठ्या बोर्डावर लागतील. ही मुलगी वाचनालयात कधीही येईल. तो शेराही काढून टाका." मग मुलीला म्हणाल्या, "तू आज सुटलीस. जा घरी."

ती दारापर्यंत गेली, वळली आणि वकिलाला म्हणाली, "तिसरं प्रकरण."

"मान्य केलं होतं की!" तो म्हणाला. खोलीभर हशा पिकला, आणि त्या हशात ती होती.

त्यानंतर माझे दिवस पालटले. मला पुन्हा खिडकीशेजारी टांगलं. ग्रंथपाल बाईंनी टाचण्यांचा नियम आता मोठ्या अक्षरांत लिहून वर चिकटवला आहे. "तुमच्यासाठी नाही रे, मोठ्यांसाठी," असं त्या मुलांना सांगतात. ज्यांचा शेवट फुकट गेला त्या मुलांनी पुस्तक परत पहिल्यापासून वाचलं. शेवट माहीत असताना मास्तर सुरुवातीपासूनच वेगळे दिसतात, अशा चिठ्ठ्या आल्या. एकीनं तर लिहिलं, 'सरांचे आभार. मला भीती वाटली असती, आता नुसतं रडू येतं.'

मोठ्या बाईंची चिठ्ठी हिरव्या टाचणीवर आहे. नाव नाही, पण अक्षर लपत नाही: 'मागच्या बाकावरचं भूत फार बोलतं. बाकी उत्तम.' अध्यक्षाबाईंनी पुस्तक नेलं, दोन आठवड्यांनी आणून दिलं, एक चिठ्ठी लिहिली, चार घड्या घातल्या आणि लाल टाचणीनं लावली. आत काय आहे ते मला माहीत आहे. सांगणार नाही. नियम म्हणजे नियम.

विज्ञानाचे सर आता मधल्या सुट्टीत इथेच डबा खातात आणि घड्याळ बघत नाहीत. पर्यवेक्षक सर एकदा आले. माझ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. एक कोरी चिठ्ठी घेतली, खिशात ठेवली आणि गेले. अजून लावलेली नाही. मी जागा ठेवली आहे.

म्यूटला आता म्यूट म्हणत नाहीत. नवं नाव अजून पक्कं झालेलं नाही, कारण सुचवलेलं प्रत्येक नाव ती खोडून काढते आणि का खोडलं तेही सांगते. वकिलाशी आता चिठ्ठीवर भांडत नाही, तोंडानं भांडते. परवा नव्या पुस्तकावरून दोघांनी खोली डोक्यावर घेतली. ग्रंथपाल बाईंनी दोघांना बाहेर काढलं आणि दार लावून एकट्याच हसत बसल्या. गेल्या आठवड्यात तिनं लहान वर्गाच्या मुलांना पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा अडखळली. समोरची पोरं तोंडं उघडी टाकून पुढे काय होतं याची वाट बघत होती, दुसऱ्या कशाची नाही.

माझं कापड कडेला विरलंय. टाचण्यांनी अंगाची चाळण झाली आहे. शिपाईकाका म्हणतात, नवीन कापड चढवू, आणि वर काचही बसवू, धूळ बसणार नाही. माझं मोठ्या माणसांना हात जोडून सांगणं आहे, कापड हवं तर चढवा, काच बसवू नका. धूळ मला चालते. आणि कुठल्याही शाळेत, कुठल्याही कार्यालयात, काचेआड कुलपात माझा एखादा भाऊबंद दिसला तर त्याचं दार उघडा, खाली कोऱ्या चिठ्ठ्या ठेवा आणि मुलांना काय म्हणायचंय ते लिहू द्या. मग वाचा. वाचून झालं की विचारा. क्रम एवढाच आहे.

एक गोष्ट मात्र बाकी आहे, ती नोंदवून ठेवतो. मुलीची आई दर सोमवारी कार्यालयात जाते आणि परत येऊन इथे ग्रंथपाल बाईंना काय झालं ते सांगते. मोठ्या बाईंनी शेरा काढायला सांगितला आहे. कार्यालय म्हणतं, ज्यानं लिहिला त्याच्या सहीशिवाय काढता येत नाही. पर्यवेक्षक सर म्हणतात, मी नुसतं तोंडी बोललो होतो, लिहिलं नाही. अध्यक्षाबाई म्हणतात, फाइलींना मी हातही लावत नाही. लेखनिक म्हणतो, हे अक्षर माझं नाही. शेऱ्याखाली सही नाही. आणि 'अस्थिर वृत्ती. लक्ष ठेवावे.' ही ओळ आज, मी बोलतोय या क्षणी, तिच्या फाइलमध्ये आहे.